नाशिकला कुठल्या वायनरीत जाऊ? जुहूच्या ताडाखालून एक उत्तर

दारूच्या इतिहासावर पीएच.डी. करायला लागल्यापासून एक गोष्ट लक्षात आली आहे. लोकांना थीसिस नको असतो, यादी हवी असते. मागच्या महिन्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका काकूंनी लिफ्टमध्येच गाठलं. "लाँग वीकेंडला नाशिकला चाललोय गं. तू तर दारूवरच शिकतेस ना? मग सांग, कुठल्या वायनरीत जाऊ आणि जेवायला कुठे?"

मी तेव्हा हसून वेळ मारून नेली. कारण माझा अभ्यास साष्टी तालुक्यातल्या अबकारीचा, साधारण १८७८ ते १९४९. म्हणजे नाशिकच्या पहिल्या नावाजलेल्या बाटलीच्या निदान पन्नास वर्षं आधीच माझा थीसिस संपतो. पण घरी येऊन विचार केला, तर वाटलं की उत्तर माझ्या कागदांत आहे. तर काकू, आणि काकूंसारखाच प्रश्न पडलेले तुम्ही सगळे, ही घ्या यादी. पण ती शेवटी देणार. आधी थोडा इतिहास ऐकावा लागेल, कारण यादी त्यातूनच निघते.

जुहूची 'वायनरी'

आज जुहू म्हटलं की डोळ्यांसमोर येतात चौपाटी, भेळ आणि नटनट्यांचे बंगले. दीडशे वर्षांपूर्वीचं जुहू म्हणजे साष्टीच्या पश्चिमेला समुद्रात पसरलेली वाळूची एक लांबट पट्टी. ओहोटी असली की मधली खाडी चालत ओलांडायची. वस्ती कोळ्यांची, भंडाऱ्यांची, आगऱ्यांची, कुणब्यांची. आणि झाडं होती ताडामाडाची.

भंडारी म्हणजे माडी-ताडी काढणारी जात. माझ्या आजीचे वडील हेच काम करायचे, म्हणून हा विषय माझ्याकडे आला असं म्हटलं तरी चालेल. कमरेला कोयता आणि मडकं लावून झाडावर चढायचं, पोयीला काप द्यायचा, मडकं बांधून उतरायचं. रात्रभर रस ठिबकतो. पहाटे, ऊन चढायच्या आत उतरवला तर ती नीरा. मडक्याला आतून चुना लावलेला असेल तर आंबणं लांबतं. चुना नसेल तर हवेतलं आणि मडक्यातलं यीस्ट लगेच कामाला लागतं. सकाळी गोड, दुपारी फेसाळ, संध्याकाळी चढणारी, दुसऱ्या दिवशी आंबट शिर्का. माडाची ती माडी, ताडाची ती ताडी. दोन्हींत अल्कोहोल साधारण बिअरइतकंच, चार-पाच टक्क्यांच्या आसपास.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. ताडी टिकत नाही. ती साठवता येत नाही, लांब नेता येत नाही, बाटलीत भरून वर्षभर ठेवता येत नाही. म्हणून ती प्यायची असेल तर झाडाजवळ जावं लागतं. काढणारा तिथेच भेटतो. कुठल्या झाडाची, कधी उतरवली, हे त्याला विचारता येतं. आज वायनरीत ज्याला 'टेस्टिंग रूम' म्हणतात ना, ती जुहूत झाडाच्या बुंध्याशीच होती.

सरकारला टिकणारी दारू आवडते

१८७८ मध्ये मुंबई इलाख्यात अबकारी कायदा आला. त्याआधीही कर होतेच, पण या कायद्याने काढणं, विकणं, वाहून नेणं हे सगळं परवान्याच्या चौकटीत घट्ट बसवलं. ताड छेदायचा तर झाडामागे कर. झाडावर नंबर. विकायचं तर वेगळा परवाना, आणि विक्रीचे हक्क ठेकेदारांकडे जायला लागले.

आता सरकारच्या जागी बसून बघा. एका बाजूला आहे गाळलेली दारू, म्हणजे उरणच्या भट्ट्यांमध्ये मोहाच्या फुलांपासून काढलेली. ती एका ठिकाणी तयार होते. तिची तीव्रता मोजता येते, गॅलनमागे कर लावता येतो, पिंपात सील करून पाठवता येते. दुसऱ्या बाजूला आहे ताडी. हजारो झाडं, गावोगाव पसरलेली, रोज नवा माल आणि संध्याकाळपर्यंत तो संपलेला. इन्स्पेक्टर मोजणार काय? म्हणजे गाळलेल्या दारूपेक्षा सौम्य असणारं पेय कर वसूल करणाऱ्याच्या दृष्टीने जास्त त्रासाचं ठरलं. झाडकर वाढत गेला. ताडी महाग झाली की गिऱ्हाईक गाळलेल्या दारूकडे वळतं, आणि तिच्यावरचा महसूल गोळा करणं सोपं.

१८८०च्या दशकात ठाणे आणि कुलाबा भागातल्या भंडाऱ्यांनी या झाडकराविरुद्ध अर्ज केले, झाडं छेदायची थांबवली. (साष्टी तालुका तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता. मुंबई उपनगर जिल्हा झाला १९२० मध्ये.) अबकारीच्या कागदांत परवान्याचा एक प्रकार भेटतो. इंग्रजीतलं नाव मराठीत आणायचं तर 'झाडाच्या बुंध्याशी विक्रीची टपरी'. जिथे काढली तिथेच विकायची मुभा. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मी वाचनकक्षात बसून जरा हसले, कारण आदल्याच आठवड्यात मैत्रिणींबरोबर नाशिकला जाऊन आले होते आणि द्राक्षांच्या वेलींकडे तोंड करून, जिथे काढली तिथेच, वाइन पिऊन आले होते. कल्पना तीच. फक्त एकीला अधिकारी कटकट समजायचे आणि दुसरीला आपण पर्यटन म्हणतो.

आरोग्यासाठी एक पेग

पुढचा टप्पा दारूबंदीचा. १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून सुटल्यावर गांधीजी प्रकृती सुधारण्यासाठी जुहूत येऊन राहिले. ताडांच्या सावलीत दारूबंदीचा सर्वांत मोठा पुरस्कर्ता, असं ते दृश्य. माझ्या पणजोबांची पिढी तेव्हा त्याच किनाऱ्यावर झाडांवर चढत होती. १९३० मध्ये दांडीच्या दिवसांत सुरत जिल्ह्यात ताडी-शिंदीची झाडं तोडायची मोहीमच निघाली. १९३९ मध्ये काँग्रेस मंत्रिमंडळाने मुंबईत दारूबंदी आणली, आणि स्वातंत्र्यानंतर मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ झाला. माझा थीसिस इथे थांबतो. आमच्या घरातला धंदाही इथेच थांबला. आजीच्या भावांपैकी कुणीच झाडावर चढलं नाही.

दारूबंदीच्या बाजूने खरी दुःखं होती, हे मला अजिबात नाकारायचं नाही. पगाराच्या दिवशी रिकाम्या हाताने घरी येणारा नवरा ही काही सुधारकांनी रचलेली गोष्ट नव्हती. पण कायद्याने सगळ्यांना सारखं वागवलं नाही. पैसेवाल्याला परमिट मिळू शकत होतं. ताडी काढणाऱ्याला नीरा विकायला सांगितलं गेलं, आणि शहरात हातभट्टी फोफावली.

गंमत म्हणजे तो कायदा आजही आहे. १९६० आणि ७०च्या दशकांत तो सैल केला गेला, नावात 'मुंबई'च्या जागी 'महाराष्ट्र' आलं, पण रद्द झालेला नाही. 'परमिट रूम' हा शब्द त्याचाच. कागदोपत्री दारू प्यायला आजही वैयक्तिक परवाना लागतो, आणि तो परवाना दिला जातो 'आरोग्य राखण्यासाठी'! वाइन-बिअरसाठी २१ वर्षं आणि कडक दारूसाठी २५ वर्षं वयाची अटही आहे. तेव्हा नाशिकच्या वायनरीत ग्लास हातात धराल तेव्हा आठवण ठेवा, की तुम्ही एका दारूबंदी कायद्याच्या अंमलाखाली उभे आहात.

मग नाशिक कसं झालं?

महाराष्ट्रात वाइन व्यवसायाची नव्याने सुरुवात नाशिकमध्ये नाही झाली. ती झाली पुणे जिल्ह्यात नारायणगावला. शामराव चौगुले यांच्या इंडाज कंपनीने १९८०च्या दशकात फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीने 'ओमर खय्याम' नावाची फेसाळ वाइन काढली आणि परदेशी पाठवली. पुढे ही कंपनी बुडाली, पण रस्ता दाखवून गेली.

नाशिकमध्ये टेबलावर खायच्या द्राक्षांची बागायत आधीपासून मुरलेली होती. समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंची, हिवाळ्यात थंड रात्री, गोदावरी आणि गंगापूर धरणाचं पाणी, आणि छाटणीत हात बसलेले शेतकरी. राजीव सामंत अमेरिकेतली नोकरी सोडून आले, घरच्या जमिनीवर १९९०च्या दशकात वाइनची द्राक्षं लावली, आणि २००० मध्ये सुलाची पहिली वाइन बाजारात आली. नाव आई सुलभा यांच्यावरून. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणलं: वाइनला उत्पादन शुल्कात सूट, परवाने सोपे, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क. २००५ मध्ये सुलाने टेस्टिंग रूम उघडली, आणि मुंबईकरांना शनिवार-रविवारचा नवा पत्ता मिळाला.

१८७८ चं सरकार झाडकर वाढवत होतं, २००१ चं सरकार शुल्क माफ करत होतं. सौम्य पेयाला उत्तेजन द्या, असं आता सरकारच म्हणत होतं. मग हेच ताडीला का नाही? माझं उत्तर तुमच्या लक्षात आलंच असेल. वाइन टिकते. तिला लेबल लागतं, बारकोड लागतो, ती निर्यात होते, तिचा हिशोब ठेवता येतो.

टिकणारी बाटली, नासणारा घड

पण वाइनमध्येही एक न टिकणारी गोष्ट आहे. द्राक्षं. आणि ती असतात शेतकऱ्याकडे.

नाशिकला द्राक्षाच्या दोन छाटण्या होतात. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, पावसानंतर गोडी छाटणी. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. मध्ये अवकाळी आला, गारपीट झाली, डाऊनी पडला, तर वर्ष गेलं. मोठ्या वायनऱ्या बरीचशी द्राक्षं करार केलेल्या शेतकऱ्यांकडून घेतात. करार चालू असतो तोवर ठीक. पण शिराज किंवा काबर्ने सोव्हिन्योंचा घड तुम्ही बघितलाय? मणी बारके, साल जाड, आत बिया. हा माल हातगाडीवर कोण घेणार? बेदाणाही धड होत नाही.

२००८ नंतर मंदी आली, वाइनचा खप घसरला, काही वायनऱ्या बंद पडल्या, काहींनी पैसे थकवले. नाशिकच्या अनेक शेतकऱ्यांनी तेव्हा वाइनच्या वेली उपटून परत खायची द्राक्षं लावली. बाटल्या तळघरात थांबू शकत होत्या. वेलीवरचे घड थांबू शकत नव्हते. २०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा एका बाजूने 'शेतकऱ्याचं उत्पन्न' आणि दुसऱ्या बाजूने 'मद्यराष्ट्र' असा आरडाओरडा झाला, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, आणि निर्णय पुढे सरकला नाही. त्या सगळ्या गदारोळात शेतकऱ्याचा करार नेमका कसा असतो, भाव कधी ठरतो, माल नाकारला तर काय, हे प्रश्न फार कमी ऐकू आले.

तर काकू, यादी

आता इतिहासातून निघालेला माझा एकच नियम सांगते. *जे जुहूच्या दुकानात मिळतं, ते प्यायला नाशिकला जाऊ नका.* आपण झाडाच्या बुंध्याशी जातोय. तिथे गेल्यावरच मिळेल असं काय आहे, ते शोधा. यातून चार गोष्टी निघतात.

एक, *कधी*. जानेवारी ते मार्च. तोडणी, क्रेट, गाळप, आंबवणाऱ्या टाक्यांचा वास, हे सगळं तेव्हाच. पावसाळ्यात डोंगर सुंदर दिसतात, पण वेलीवर घड नसतात.

दोन, *किती*. दिवसाला दोन वायनऱ्या, बस. तिसऱ्या ठिकाणी जिभेला काही कळत नाही, फक्त फोटो निघतात. गाडी चालवणारा पिणार नाही, हे निघतानाच ठरवा. कसारा घाट आहे मध्ये.

तीन, *कुठे*. जुहूहून रस्त्याने गेलात तर नाशिकच्या आधी इगतपुरी तालुका लागतो. घोटीच्या आसपास वळून कावनई-सांजेगावकडे गेलात की मुकणे धरणाजवळ वलोने आणि ग्रोवर झाम्पा या दोन वायनऱ्या जवळजवळ आहेत. वलोने छोटी आहे, निवांत आहे, आणि तिथे पुण्याच्या मलाका स्पाइसचं आग्नेय आशियाई जेवण मिळतं. आंबट-तिखट जेवणाबरोबर पांढरी वाइन कशी लागते ते इथे बघा. पहिल्या दिवशीचं दुपारचं जेवण इथे.

संध्याकाळी गंगापूर धरणाकडे. सुला बघायचीच असेल तर बघा, इतिहास तिथे घडलाय. पण शनिवारी जत्रा असते, म्हणून जमलं तर आडवारी जा. त्याच पट्ट्यात गंगावऱ्हेला यॉर्क आणि सोमा आहेत. यॉर्क हे नाव गुरनानी कुटुंबातल्या तीन भावंडांच्या आद्याक्षरांवरून आलं. २०२१ मध्ये सुलाने ती विकत घेतली, म्हणजे 'छोटी कौटुंबिक वायनरी' हे वर्णनही बाटलीवरच्या तारखेप्रमाणे तपासून घ्यायचं. तिकडे दिंडोरीला शँडों आहे. फेसाळ वाइन कशी बनते, बाटलीत दुसऱ्यांदा कशी आंबते, हे समजून घ्यायचं असेल तर तिथे. सगळीकडे आधी फोन करूनच जा. वेळा आणि रेस्टॉरंटं बदलत राहतात.

आणि मिसळ? साधनाची चुलीवरची मिसळ खायचीच, पण वाइनच्या आधी नको. तर्रीनंतर तासभर जीभ कुणाचंच ऐकत नाही. दुसऱ्या दिवशी, परतीच्या सकाळी खा.

चार, *काय विचारायचं*. टेस्टिंगमध्ये ग्लास गोल फिरवायला शिकवतील, फिरवा. पण हेही विचारा: ही द्राक्षं कोणाची? स्वतःच्या मळ्यातली की कराराची? गाव कुठलं? या वर्षी तोडणी कधी झाली? जिथे याची उत्तरं सरळ मिळतात, ती वायनरी चांगली. जिथे फक्त 'चेरी आणि चॉकलेटच्या छटा' ऐकायला मिळतात, तिथे एक ग्लास पिऊन निघा.

हा चौथा मुद्दा माझा नाही, आजीचा आहे. दोन वर्षांपूर्वी तिला नाशिकला नेलं होतं, त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला. येताना एका वायनरीत थांबलो. टेस्टिंग घेणाऱ्या मुलाने तिच्यापुढे थोडीशी पांढरी वाइन ठेवली. तिने प्यायली नाही, नुसता वास घेतला आणि विचारलं, "ही आजची नाय ना?"

तो म्हणाला, "नाही आजी, गेल्या वर्षीची आहे."

"मग झाड कुठाय?"

मुलगा गोंधळला. त्याच्या पाठ केलेल्या भाषणात हा प्रश्न नव्हता. मग तो स्वतःच म्हणाला, "या, दाखवतो." मागच्या दाराने आम्हाला बाहेर घेऊन गेला. वेलीची रांग दाखवली, काप कुठे देतात ते दाखवलं. तो तिथल्याच एका द्राक्षबागायतदाराचा मुलगा निघाला. पुढची वीस मिनिटं आजी आणि तो छाटणीबद्दल बोलत होते. ती त्याला पोय सांगत होती, तो तिला काडी सांगत होता.

मी बाजूला उभी राहून ऐकत होते. वही गाडीत राहिली होती. थीसिसमध्ये हे कुठे घालायचं ते अजून सुचलेलं नाही, म्हणून इथे लिहिलं.

काकू, जाऊन आलात की कळवा. विशेषतः चौथ्या प्रश्नाला कुणी काय उत्तर दिलं ते.